‘रेतीपार’मधली चूक

मंगला गौरी, वाराणसी
१२ सप्टेंबर २०२५

लेखक श्री. सुमंत यांना,
प्रकाशकांच्या पत्त्यावर

स. न.

‘रेतीपार’च्या अखेरच्या पानावर ‘वाचकांनी आपला अभिप्राय अवश्य कळवावा’ असे छापले आहे. त्यानुसार कळवत आहे.

मी येथील फॉरेन्सिक प्रयोगशाळेत जीवशास्त्र विभागात काम करते. डॉ. अंबिका मालिकेतील पहिली आठ पुस्तके मी हस्तलिखितात वाचली होती. नववे छापून आल्यावर वाचले, आणि हे दहावेही. सध्या पितृपक्ष आहे. वडील दिवसभर यजमानांबरोबर घाटावर असतात. घर शांत होते, त्यामुळे पुस्तक सलग वाचता आले.

पुढील चुका आढळल्या.

पान १९. ‘गंगेच्या उजव्या तीरावरील घाट.’ नदीचा तीर प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवतात. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते. सर्व घाट डाव्या तीरावर आहेत. उजव्या तीरावर फक्त रेती आहे.

पान ४६. सकाळी सातच्या सुमारास शिंदे घाटाची सावली पाण्यावर पडलेली दाखवली आहे. सूर्य रेतीच्या बाजूने उगवतो. सकाळी घाटाची सावली घाटामागच्या गल्लीत पडते, पाण्यावर नाही.

या दोन चुका सोडून देता येतील. तिसरी सोडता येत नाही, कारण तिच्यामुळे एका माणसाला जन्मठेप झाली आहे.

कथानक तुम्हाला सांगण्याची गरज नाही. पण हे पत्र कार्यालयात दुसरेच कोणी उघडेल, म्हणून थोडक्यात लिहिते. वृद्ध संगीतशिक्षक प्रल्हाद मिश्र कार्तिकातल्या एका पहाटे नावाडी विष्णु माझी याच्या नावेतून पलीकडे जायला निघतात आणि त्यांचे प्रेत रेतीला लागते. विष्णु सांगतो की गुरुजी नावेतच गेले. मला गंगेत सोड असे ते नेहमी म्हणत, म्हणून सोडले. पोलिसांचे म्हणणे की त्याने त्यांना जिवंतपणी बुडवले, कारण आदल्या दिवशी दोघांचे घाटावर भांडण झाले होते. निकाल डॉ. अंबिकेच्या चाचणीवर लागतो. नदीच्या पाण्यात डायटम नावाचे एकपेशीय शैवाल असते. त्याचे कवच काचेचे, आम्लातही न विरघळणारे. माणूस श्वास घेत असताना बुडाला तर ते फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून हाडाच्या मज्जेत पोचते. मेल्यावर पाण्यात टाकला तर पोचत नाही. अंबिकेला मज्जेत डायटम सापडतात. विष्णु आत जातो. अंबिका पुण्याला बदली घेऊन निघून जाते आणि पुस्तक संपते.

आता पान ११२. ‘अंबिकेने मज्जा आम्लात विरघळवली, नळ सोडला आणि बीकर स्वच्छ विसळून घेतले.’

नळ सोडला, असे लिहिले आहे.

या कामाला डिस्टिल्ड पाणीच वापरतात. इतर शहरांत नळाचे पाणी वापरणे हा निष्काळजीपणा ठरेल. काशीत तो त्याहून जास्त आहे, कारण येथे नळाला गंगेचेच पाणी येते. ते गाळून येते, पिण्याला अपाय नाही, पण एखादे काचेचे कवच त्यातून निसटू शकते. अंबिकेला दिसलेले डायटम मिश्रगुरुजींच्या मज्जेतले होते की तिच्या नळातले, हे तिला सांगता येणार नाही. म्हणजे पुरावा शून्य आहे, आणि हे तुमच्या दहा पुस्तकांतल्या सर्वांत हुशार बाईच्या लक्षात आलेले नाही.

पुढील आवृत्तीत दुरुस्ती व्हावी.

माझ्या वडिलांना हे पत्र माहीत नाही, म्हणून त्यांचा आशीर्वाद लिहिलेला नाही.

कळावे.

एक वाचक,
रुचा


२६ सप्टेंबर २०२५

श्री. सुमंत यांना,

प्रकाशकांचे छापील कार्ड मिळाले. ‘आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. आगामी पुस्तकावर आपल्यासाठी विशेष सवलत.’ खाली रबरी शिक्का.

मला सवलत नको आहे. मी प्रेम कळवलेले नव्हते, चूक कळवली होती. प्रकाशकांकडे शरदकाकांनी तुमचा घरचा पत्ता मागितला. वाचनालयाच्या चिटणिसांना नाही म्हणणे त्यांना जमले नसावे. हे पत्र त्या पत्त्यावर पाठवते आहे.

दरम्यान येथे एक गोष्ट घडली. पितृपक्ष आटोपल्यावर बाबांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. मोतीबिंदूच होता, सगळे ठीक आहे. पण काही दिवस वाचायचे नाही म्हणून सांगितले आहे, आणि बाबा खुनाशिवाय राहू शकत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. रोज संध्याकाळी मला ‘रेतीपार’ मोठ्याने वाचावे लागले. शरदकाकाही येऊन बसायचे. वाचनालयाचे पुस्तक आहे, डोळ्यांदेखत असलेले बरे, असे त्यांचे कारण.

बाबांनी विसाव्या पानालाच निकाल देऊन टाकला.

‘विष्णु निर्दोष आहे. लिहून घे.’

‘कशावरून?’ शरदकाका म्हणाले. ‘अजून प्रेतसुद्धा धड बाहेर आलं नाही, गुरुजी.’

‘अरे, म्हातारा मल्लाहाच्या नावेत गेला तर मल्लाह काय करणार? ठाण्यात जाऊन रिपोर्ट लिहिणार? गंगेतच देणार. काशीत जन्मलाय तो. आपला बँकबाबू हे चांगलं जाणतो. बघ तू, शेवटी सोडवतो की नाही.’

तुम्हाला ते अजून बँकबाबूच म्हणतात. नोकरी सोडल्याचे मी सांगितले आहे. त्यांनी ते मनावर घेतलेले नाही.

पान ११२ आले तेव्हा मी न थांबता वाचले. प्रयोगशाळेतले बाबांना कळत नाही. जन्मठेपेचे पान आले तेव्हा म्हणाले, ‘हे फालतू आहे. पुन्हा वाच.’ मी पुन्हा वाचले. तेच होते.

मग शेवटचे प्रकरण. अंबिका स्टेशनवर जाते, गाडी सुटते.

‘गेली?’ बाबा म्हणाले. ‘अशी कशी गेली?’

‘बदली झाली तिची, बाबा.’

‘झाली की करून घेतली?’

पुस्तकात ते स्पष्ट नाही. शरदकाकांनी पुस्तक बंद करून पिशवीत टाकले आणि म्हणाले, ‘पुणेकर झाला पट्ठ्या. आता त्याला काशीतले खूनसुद्धा नकोत.’ ते गेल्यावर बाबांनी विचारले की तू काही न बोलता का वाचत होतीस. तेव्हा मी नळाचे सांगितले. बाबा बराच वेळ हसले, आणि मग हसायचे थांबले.

‘त्याला कळवलंस?’

मी हो म्हटले.

‘मग?’

‘सवलत आली आहे.’

माझे म्हणणे एवढेच आहे की विष्णु माझी आत राहू नये. वाचकांच्या लक्षात येणार नाही, हे मलाही माहीत आहे. माझ्या येते. तू हे असं सोडून देणारा नव्हतास.

वर एका ठिकाणी ‘तू’ लिहिले गेले आहे. खोडले तर कागद वाईट दिसेल, म्हणून तसेच ठेवते.

रुचा


९ ऑक्टोबर २०२५

सुमंत,

तुझं पत्र मिळालं. अक्षर पूर्वीपेक्षा मोठं झालं आहे. चष्म्याचा नंबर तपासून घे.

तू तीन गोष्टी लिहिल्यास. एक, पुस्तक घाईत लिहिलं. पडद्यावर यायचं म्हणून निर्मात्यांना पुढची पुस्तकं पुण्यात घडायला हवी होती. दोन, हस्तलिखित कुणाकडून तपासून घेतलं नाही, कारण दुसऱ्या कुणाला द्यावंसं वाटलं नाही आणि मला विचारायला तोंड नव्हतं. तीन, नळाचं तू खरंच विसरलास.

पहिल्या दोन मला समजतात.

तिसरीबद्दल लिहिते. पान ११२ वाचलं तेव्हा मला वाटलं होतं की तू ते मुद्दाम लिहिलं आहेस. सावली आणि तीरसुद्धा. मी लिहावं म्हणून. मी पुराव्याशिवाय काही मानत नाही, पण हे तुझं पत्र येईपर्यंत मानलं. आता तू स्वतःच सांगतोस की विसरलो, तर तसंच असणार. बरं झालं विचारायला लागलं नाही.

तरी तू काय विसरलास ते तुला एकदा सांगायला हवं. तू पहिल्यांदा आमच्याकडे आलास ते एका प्रश्नासाठी. बँकेतून थेट आला होतास, गळ्यात ओळखपत्र तसंच. मी एम.एस्सी.ला होते. रक्ताचा डाग किती दिवसांनी काळा दिसतो, हे तुला हवं होतं. चौकातल्या नळावर हात धुताना तू बाबांना म्हणालास, ‘गुरुजी, नळ सोडला की घरातच गंगा येते, मग रोज एवढ्या पायऱ्या कशाला उतरता?’ मी आत होते. एवढं धीट कुणी बाबांशी बोलत नसे. बाबा म्हणाले, ‘ती येते ती तिची मर्जी. आपण जायचं ते आपलं काम.’ आणि तू ते तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलंस. बाबा खूश झाले. जेवायला थांबवलं.

पहिल्या आठ पुस्तकांतलं एकही प्रेत असं नाही की ज्याच्यावर आपण वाद घातला नाही. भोसले घाटावरच्या तुझ्या खोलीत पुस्तकं खाटेवर असायची आणि तू जमिनीवर. मी दारातच उभी राहून सांगायचे, कारण खाली मालकीणबाई जिन्याकडे तोंड करून भाजी निवडत असायच्या. तू म्हणायचास, विषाला वास असू दे ना, गोष्टीला बरं पडतं. मी म्हणायचे, नसतो. शेवटी वास काढून टाकायचास आणि आठवडाभर तोंड पाडून बसायचास. ते मला आवडायचं. तेव्हा सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

तुझ्या पुण्याच्या बदलीची ऑर्डर आली तेव्हा तू विचारलंस, ‘येतेस?’ मी म्हटलं, नमुने लावले आहेत, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी तू विचारलं नाहीस. तू पत्रात लिहिलं आहेस की तुला उत्तर कळलं होतं. बरोबर कळलं होतं. नोकरी नवी होती, बाबा एकटे होते, मी नाहीच म्हणणार होते. पण तू विचारायला हवं होतंस. मी साडेपाचपर्यंत लॅबच्या फाटकात उभी होते.

हे पुरे. विष्णुबद्दल.

तू लिहितोस की पुस्तक छापून गेलं, आता काय करणार. उच्च न्यायालयात अपील करता येतं. विष्णुच्या वकिलाने एकच प्रश्न विचारायचा: ‘मॅडम, ब्लँक लावलं होतं का?’ तुझ्या नव्या वाचकांसाठी सांगते. ब्लँक म्हणजे तीच सगळी कृती, तेच आम्ल, तेच बीकर, तेच पाणी, फक्त हाड नाही. त्यात काहीच दिसता कामा नये. दिसलं तर ते आपल्याच भांड्यातलं. अंबिकेने ब्लँक लावलेलं नाही. तिला खात्री होती. खात्री असलेली माणसं ब्लँक लावत नाहीत.

मागच्या रविवारी मी लावलं. लॅबमध्ये नाही, मैत्रीण कस्तुरी कॉलेजात शिकवते, तिच्या प्रयोगशाळेत. घरच्या नळाचं पाणी नेलं होतं. बराच वेळ काही दिसलं नाही. मग एक दिसला. नावेच्या आकाराचा असतो तो, दोन्ही टोकांना निमुळता. कस्तुरी म्हणाली, ‘इतना खुश क्यों हो रही है? मर्डर तो किताब में हुआ है।’ मी म्हटलं, हो ना.

एकच होता. पण विष्णुला एक पुरतो.

दुसरं हाड सीलबंद राखून ठेवल्याचा उल्लेख पान ९८ वर आहे. ते तू बरं केलंस. पुन्हा चाचणी करता येईल. मात्र अंबिकेलाच परत यावं लागेल. चूक तिची आहे, दुसऱ्याने येऊन निस्तरली तर ते नीट होणार नाही.

आणि हे लक्षात ठेव: मज्जेत डायटम सापडले नाहीत तर विष्णु निर्दोष आहे असं सिद्ध होत नाही. दोषी आहे हे सिद्ध होत नाही, इतकंच. आमच्या कामात इतक्यावर माणूस सुटतो.

रुचा


२४ ऑक्टोबर २०२५

सुमंत,

दिवाळीत तुझं पत्र आलं. पोस्टमनने बाबांच्या हातात दिलं. डोळा आता छान आहे त्यांचा; पाठवणाऱ्याचं नाव त्यांनी चष्म्याशिवाय वाचलं, आणि मी लॅबमधून येईपर्यंत ते देवासमोर ठेवून दिलं होतं. उघडलं नव्हतं. पण मी वाचत असताना समोरून हललेही नाहीत.

‘काय म्हणतो?’

‘अकरावं पुस्तक लिहितो आहे. अंबिका काशीला परत येणार. अपील होणार.’

‘मी म्हटलं नव्हतं? सोडवणार म्हणून?’ मग म्हणाले, ‘पण उतरणार कुठे ती? भोसले घाटावरची खोली तर गेली. तिथं आता ते होमस्टे झालंय, विदेशी लोक योगा करतात.’

‘हॉटेलात उतरेल, बाबा.’

‘हॉटेलात कशाला? आपल्याकडे उतरू दे. वरची खोली रिकामी आहे.’

‘बाबा, ती पुस्तकातली आहे.’

‘मला ठाऊक आहे गं, कोण कुठली आहे ते.’

तेव्हापासून ते वरची खोली झाडून घेत आहेत. तू पुस्तक लिहितो आहेस, एवढंच तू कळवलं आहेस, आणि एवढंच मी त्यांना सांगितलं आहे.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं.

पाण्याचा नमुना दोन ठिकाणांहून घ्यायचा. प्रेत सापडलं तिथून, आणि विष्णु म्हणतो त्याने गुरुजींना सोडलं तिथून. काठाचं पाणी नको, पृष्ठभागावरचा फेस नको. हातभर खालचं.

बाटली नवी, डिस्टिल्ड पाण्याने विसळलेली. त्याच नदीच्या पाण्याने विसळण्याचा मोह आवरायचा. घाटावर उभं राहिलं की तो प्रत्येकाला होतो. गंगाजलाने भांडं शुद्ध होतं असं आम्ही लहानपणापासून शिकलेलो असतो. अंबिका मूळची पुण्याची, तिला होणार नाही. बरोबरच्या हवालदाराला होईल. त्याला दाखवायचं असेल तर दाखव, गमतीचं होईल.

टिकवण्यासाठी आयोडीनच्या द्रावणाचे थेंब, चहाचा फिका रंग येईपर्यंत.

सील तपास अधिकारी लावतो, अंबिका नाही. ती फक्त उभी राहते.

ऋतूबद्दल तू विचारलं नाहीस, पण तेच महत्त्वाचं आहे. डायटमची वस्ती ऋतूप्रमाणे बदलते. पुराच्या पाण्यात वेगळी, हिवाळ्यात वेगळी. पान ७ प्रमाणे गुरुजी कार्तिकात गेले. म्हणून तुलनेचा नमुनाही कार्तिकातच घ्यायला हवा. पौषात घेतलेला चालणार नाही. विरुद्ध बाजूचा वकील तो दोन मिनिटांत खोडून काढेल.

आता तुझा शेवटचा प्रश्न. कार्तिकात पहाटे पंचगंगा घाटावर पाणी कसं दिसतं, बांबूवर टांगलेले आकाशदीप पाण्यात किती खोल दिसतात, आमच्या गच्चीवरून रेती दिसते की धुक्यात झाकून जाते. ‘तू नेहमीसारखं नेमकं लिहून पाठव, म्हणजे मला ते प्रकरण पूर्ण करता येईल.’

तुझ्या आजवरच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी दिलं आहे. रक्ताचं, विषाचं, हाडांच्या वयाचं. एकदा तू पहाटे आलास, कुजलेल्या केसांबद्दल विचारायला, आणि मी परीक्षेला निघाले होते, तरी दिलं. या प्रश्नाचं देणार नाही.

माहीत नाही म्हणून नाही. रोज पहाटे गच्चीवर असते मी. आजही होते. नेमकं लिहिता येईल मला, रंगसुद्धा. पण मी लिहिलं की तू तिथे बसून ते प्रकरण पूर्ण करशील. ते चांगलं होईल. बाबांनाही आवडेल. तू इथे नव्हतास हे कुणालाच कळणार नाही, आणि मग तुला इथे येण्याचं कारण उरणार नाही.

नमुना टपालाने पाठवता येतो का, असं तू ता. क.मध्ये लिहिलं आहेस. येतो. आम्हाला रोज जिल्ह्याजिल्ह्यांतून येतात. बाटली नीट बंद केली, खोक्यात भुसा भरला की सांडत नाही. मी पाठवू शकते. पाठवणार नाही.

पौर्णिमा पाच नोव्हेंबरला आहे. इथला महिना पौर्णिमेला पुरा होतो, म्हणजे त्या दिवशी कार्तिक संपतो. लॅबमध्ये रजेचा अर्ज तीन दिवस आधी द्यावा लागतो. मी अजून दिलेला नाही. कोरा फॉर्म आणून ठेवला आहे, त्यात ‘कारण’ म्हणून एक ओळ असते, तिथे काय लिहायचं ते ठरवलं नाही.

तेव्हा त्याआधी कळव.

रुचा